हिशेबाच्या टेबलाआधी काटा

कापसाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, हिशेबाच्या कामावर रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशी एक टेबल, संगणक आणि मागच्या हंगामाच्या फायली मिळतात. तो दिवसभर त्या फायलींतच डोके घालून बसला, तर त्याचा दिवस फुकट गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. अमळनेर तालुक्यातील एका जिनिंगमध्ये मी दिवाळीनंतर, आवक ऐन भरात असताना, कामाला लागले. वाणिज्य शाखेची पदवी आणि टॅलीचा कोर्स या दोन गोष्टी जवळ होत्या. जुन्या मुनिमांना तिथे सगळे नाना म्हणतात. त्यांनी माझी कागदपत्रे बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ताई, आधी गाड्या तोलतात त्या काट्यावर जाऊन या. इथले आकडे तिथूनच येतात."

काट्यावर तासभर उभे राहिल्यावर मला कळले की ज्या पावतीची नोंद मी संगणकात करणार होते, तिच्या प्रत्येक रकान्यामागे कोणाची तरी हुज्जत, कोणाचे तरी बारीक लक्ष आणि बऱ्याचदा दोन्ही असतात. भरलेल्या ट्रॉलीचे वजन आधी होते, माल उतरवल्यावर रिकाम्या ट्रॉलीचे होते आणि त्या दोहोंतील फरक म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु ट्रॅक्टर चालवणारा पहिल्या वजनाला गादीवर बसलेला आणि दुसऱ्या वजनाला चहाला गेलेला असेल, तर त्याचे स्वतःचे वजनही कापसाच्या भावाने विकले जाते. उलट झाले, तर तेवढे नुकसान शेतकऱ्याचे होते. म्हणून काटेवाले आप्पा दोन्ही वेळा सर्वांना खाली उतरवतात आणि सगळी चाके पाट्यावर आहेत ना, हे स्वतः फिरून पाहतात. त्यानंतर पावतीवरील वजनाविषयी कोणी शंका काढली, तर काय विचारायचे हे मला ठाऊक असते.

भाव ठरवणारा माणूस ट्रॉलीच्या वरचा कापूस पाहून समाधान मानत नाही. तो मधून आणि तळातूनही मूठभर कापूस ओढून काढतो, धागा ताणून पाहतो आणि ओलावा मोजण्याचे यंत्र लावतो. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत आठ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव धरतात, त्यापुढे बारा टक्के ओलाव्यापर्यंत भावात कपात करतात आणि त्याहून ओला माल घेत नाहीत. व्यापारी आपापल्या हिशेबाने चालतात, पण बोलणे याच आकड्यांभोवती फिरते. पहाटेच्या दवात वेचून तसाच भरलेला कापूस वजनाला जड भरतो आणि भावाला मार खातो. शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. शिकायचे असते ते पगारी माणसाला.

मला सर्वांत उपयोगी पडले ते नानांचे तोंडी गणित. पाच क्विंटल कापसातून रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, साधारण एक गाठ, गाठीचे वजन अंदाजे एकशे सत्तर किलो. म्हणजे शंभर क्विंटल कापूस जिनला लागला, तर सुमारे चौतीस क्विंटल रुई, वीसेक गाठी, बाकीची बहुतेक सरकी आणि थोडी घट. दिवसअखेरीस संगणकाने काहीही दाखवले, तरी आकडा या अंदाजाच्या जवळपास नसेल, तर कुठेतरी नोंद चुकली आहे असे समजावे. टॅलीच्या कोर्समध्ये हे कोणी सांगितले नव्हते, आणि त्यात कोर्सचा दोषही नाही.

अंगावरच्या कपड्यांविषयीही पहिल्याच दिवशी शिकायला मिळते. रुईत प्लास्टिकचा धागा, केस किंवा गुटख्याची पुडी गेली तर सूतगिरणी तक्रार करते, म्हणून कचरा निवडणाऱ्या बायका डोक्याला सुती फडके घट्ट बांधतात. माझी नायलॉनची ओढणी पाहून त्यांतल्या एका मावशींनी मला आतल्या बाजूला जाऊ दिले नाही, आणि ते योग्यच होते. आगपेटी आणि बिडी फाटकावरच काढून घेतात. कापसातून आलेला एखादा दगड किंवा खिळा यंत्रात घासला तरी ठिणगी पडून आग लागू शकते, मग खिशातल्या आगपेटीची गोष्टच नको.

कागदपत्रांचे काम मात्र मी थोडक्यात आटोपते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, आणि पॅनवर वडिलांचे नाव गाळलेले, हा गोंधळ आपल्याकडे घरोघरी आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत नाव आधारशी जुळावे लागते; त्यामुळे रुजू होण्यापूर्वीच ते दुरुस्त करून घेतले तर पुढची धावपळ वाचते.

एक गोष्ट विचारायला नव्या माणसाला संकोच वाटतो, तरी ती पहिल्या दिवशीच विचारावी. हंगामात यंत्रे रात्रीही चालतात. तेव्हा थांबावे लागले तर जादा तासांचे पैसे कसे मिळतात, साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते आणि शेवटची बस निघून गेल्यावर बाईमाणसाला घरी सोडण्याची सोय कोण करते, हे मी नानांना दुपारच्या जेवणानंतर विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी लगेच दिली. तिसऱ्यासाठी ते मालकांकडे गेले, आणि आता रात्रपाळीला आम्हा सर्व बायकांना गाडी गावापर्यंत सोडते.