घरच्या कॉम्प्युटरमधली फाइल, बाहेरून मोबाइलवर

राउटरमध्ये पोर्ट ४४५ (विंडोजचं फाइल शेअरिंग ज्या दारातून चालतं ते) उघडून घरचा फोल्डर बाहेरून पाहायचा विचार असेल, तर तो आधी सोडा. २०१७ साली वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबीच्या, म्हणजे विंडोज फाइल शेअरिंगच्या, वाटेने पसरला. शिवाय बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला. तिथे पोर्ट उघडूनही हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा टेलस्केल बरं; हे अ‍ॅप तुमच्या उपकरणांना इंटरनेटवरून एका खासगी नेटवर्कमध्ये जोडतं. कॉम्प्युटर आणि मोबाइल, दोन्हींवर टाका, एकाच खात्याने लॉगिन करा. कॉम्प्युटरला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो टिपून ठेवा. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये तीन टिंबांखाली ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे, तिथे टिपलेला पत्ता टाका. अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोरर चालतं.

लोक अडकतात ते पासवर्डला. विंडोज उघडायचा पिन इथे चालत नाही, विंडोज खात्याचा खरा पासवर्डच लागतो. पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आतच घेत नाही. दुसरी गोम स्लीपची: कॉम्प्युटर झोपला की फोनवर चक्र नुसतं फिरत बसतं. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तर होऊ द्या.

घरातल्या इतरांना फोटो दाखवायचे तर त्यांच्यासाठी विंडोजमध्ये वेगळं खातं काढा, परवानगी फक्त ‘रीड’, म्हणजे नुसतं पाहण्याची.