पडद्यावरचा ऑपेरा आणि मांडीवरचे नाचोज

शनिवार, रात्र

पडद्यावर ऑपेरा बघायला जाताना खायचं काय आणि कधी यावर आज येताना गाडीत आईंशी (सासूबाई, सध्या पुण्याहून इकडे आल्यात) इतकं बोलणं झालं की घरी आल्या आल्या लिहायलाच बसले, उद्यावर टाकलं तर अर्धं विसरेन.

आम्ही गेलो होतो 'ला बोहेम'ला, पुच्चिनीच्या ऑपेराला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा (सगळे त्याला 'मेट' म्हणतात) प्रयोग तिकडे लिंकन सेंटरला चालू असतो आणि त्याच वेळी सॅटेलाइटवरून इथे न्यू जर्सीत आमच्या मल्टिप्लेक्सच्या पडद्यावर दिसतो. 2006 च्या डिसेंबरात त्यांनी हे सुरू केलं, लंडनच्या नॅशनल थिएटरने नाटकांचं असंच 2009 पासून, आणि मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात दोन्हीकडचे प्रयोग दाखवतात, मेटचे रेकॉर्ड केलेले, कारण इथली दुपार म्हणजे तिकडची जवळजवळ मध्यरात्र. इथे शनिवारी दुपारी एकला सुरू होतं. एक वाजता! म्हणजे जेवून जावं तर साडेअकराला ताट वाढायला लागतं, आणि न जेवता जावं तर चार वाजेपर्यंत पोटात काही नाही. कॅलिफोर्नियात तर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. येणारी मंडळी बहुतेक रिटायर झालेली, कुणाला डायबेटिस, कुणाची गोळी खाल्ल्यावरच घ्यायची. त्यामुळे 'आत काही खाऊच नका' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, भूक खरी आहे आणि वेळही तशीच आहे.

पण मग खायचं कधी, माझं सगळं म्हणणं त्यावर आहे.

ला बोहेममध्ये दुसरा अंक म्हणजे पॅरिसमधला ख्रिसमस ईव्हचा बाजार. मेटकडे झेफिरेल्ली या दिग्दर्शकाचं 1981 पासूनचं प्रॉडक्शन आहे, स्टेजवर शेकडो माणसं, पोरं, फेरीवाले, खरं गाढव, खरा घोडा, बँड. त्या गोंधळात कुणी शेजारी चकली खाल्ली तरी कळणार नाही, आणि माझी काहीच हरकत नाही, स्टेजवरचे लोकसुद्धा कॅफेत बसून खातच असतात. पण तिसरा अंक उघडतो तो पहाटे, शहराच्या वेशीवर, बर्फ पडतोय, आणि वाद्यं इतकी हळू की बासरी आणि हार्पचे सुटे सुटे सूर एकेक करून खाली येतात. आणि चौथ्या अंकात आजारी नायिका, मिमी, मरते तेव्हा तर ती गेलीय हे आधी कुणाला कळतच नाही, एक मित्र बघतो, दुसऱ्याला हळूच सांगतो, तिच्या प्रियकराला, रोदोल्फोला, अजून पत्ता नसतो. तिथे वाद्यवृंद जवळजवळ थांबतो. सगळ्या ऑपेराचं वजन त्या थांबण्यावर आहे, ते ऐकू नाही आलं तर पुढची त्याची किंकाळी नुसती ओरड वाटते.

आज झालं असं की पहिल्या इंटरव्हलला स्नॅक काउंटरवर एकच मुलगा होता आणि रांग दारापर्यंत. आमच्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ नाचोजचा ट्रे घेऊन परत आले तोवर तिसरा अंक सुरू झाला होता, आणि मग त्या बर्फाच्या सुरांवर कुडूम कुडूम, वर गरम चीजचा वास. आईंनी माझा हात धरला, "अगं, यांना कुणी काही सांगत नाही का?" मी म्हटलं इंटरव्हलला बघू, आत्ता बोलले तर मीच आवाज करेन.

दुसऱ्या इंटरव्हलला मी त्यांच्याशी बोलले, नीट बोलले, की शेवटचा अंक फार हळू आहे, तेवढा वेळ जमेल का. ते चिडले नाहीत, पण म्हणाले की हे सिनेमा थिएटर आहे, इथे नाचोज विकतात म्हणूनच मी घेतले, आणि गाणारे तिकडे मॅनहॅटनमध्ये आहेत, त्यांना काय ऐकू जातंय. हे ऐकून मी जरा थांबले, कारण पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे. थिएटरने विकलं तर माणूस खाणारच. नाचोज गरम विकायचे, काउंटरवर एकच माणूस ठेवायचा आणि मग अंधारात कुडकुड वाजली की गिऱ्हाइकाला दोष द्यायचा हे काही न्यायाचं नाही.

दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते तिथे सुचलं नाही, घरी येताना सुचलं. याच गृहस्थांनी पहिल्या अंकात मिमीचं गाणं संपल्यावर टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या, मी पण, आई पण. त्या टाळ्याही मॅनहॅटनला ऐकू गेल्या नाहीत! तरी वाजवल्या, कारण ते गाणं त्याच क्षणी कुणीतरी खरंच गातंय, चुकलं तर रीटेक नाही, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि त्याची दाद आतून येते. मग जी माणसं न ऐकू येणारी टाळी देऊ शकतात त्यांनी न ऐकू येणारी शांतता पण द्यावी ना. आणि गायिकेला नाही गेली ऐकू तरी शेजारणीला जाते, ती तर दोन फुटांवर बसलीय.

सिनेमाचं वेगळं असतं हे मला मान्य आहे. सिनेमात पार्श्वसंगीत असतं, स्फोट असतात, शांत सीनमध्ये पण काही ना काही भरलेलं असतं. मागे वाचलं होतं की मूकपटांच्या काळात इथल्या मोठ्या थिएटरांना पॉपकॉर्न आत नकोच असायचं, भारी गालिचे खराब होतात आणि न बोलणाऱ्या पडद्यासमोर चावणं ऐकू येतं म्हणून. 1927 नंतर बोलपट आले, त्या आवाजाखाली चावणं बुडून गेलं, आणि 1930 च्या दशकातल्या मंदीत तर कित्येक थिएटरं पॉपकॉर्नच्या पैशांवर तगली. म्हणजे पॉपकॉर्न आत आलं ते आवाजाबरोबर. आता जिथे परत शांतता असणार आहे तिथे त्याने थोडं बाहेर थांबायला काय हरकत आहे? लंडनला 2017 मध्ये हॅरल्ड पिंटर थिएटरमध्ये एका नाटकाच्या वेळी प्रयोग चालू असताना खायलाच बंदी केली होती, तेव्हा लोकांना ते फार कडक वाटलं, मला नाही वाटलं, अर्थात तिथे नट समोर असतात आणि त्यांना खरंच ऐकू जातं.

चौथ्या अंकात त्या गृहस्थांनी ट्रे खाली ठेवला. मला फार बरं वाटलं, निघताना मी मुद्दाम थांबून त्यांना थँक यू म्हटलं. पण मिमीचं शेवटचं चालू असताना डावीकडे कुठेतरी एका आजींनी गोळीचा कागद सोडायला घेतला, आणि आवाज होऊ नये म्हणून इतक्या हळू हळू की ते चुरचुरणं संपेचना. कागद हळू उघडला की आवाज कमी होतो असं सगळ्यांनाच वाटतं, पण इथल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 2000 साली हेच तपासलं होतं, चुरगळलेल्या प्लॅस्टिकचा आवाज म्हणजे सुट्या सुट्या टिकटिकी असतात, प्रत्येक घडी एकदम सुटते, आणि ती किती जोरात वाजेल हे तुमच्या वेगावर नसतं. हळू उघडलं तर तेवढाच आवाज जास्त वेळ पुरतो. आजींचा काही दोष नाही, त्यांना खोकला येत असेल, आणि खोकल्यापेक्षा गोळी बरी. फक्त अंक सुरू व्हायच्या आधी दोन गोळ्या सोडून रुमालात ठेवाव्यात एवढंच. हे मी आता स्वतः करणार आहे आणि ओळखीत सगळ्यांना सांगणार आहे.

आईंचं म्हणणं माझ्यापेक्षा कडक. त्या बालगंधर्वला नाटकं बघत मोठ्या झालेल्या, तिथे तिसरी घंटा झाली की डबा पिशवीत, पिशवी खुर्चीखाली, आणि वडा इंटरव्हललाच, तो गरम असतो आणि सगळे एकदम खातात म्हणून त्याची मजा. सवाईला मंडपाबाहेर स्टॉल्स असतात, भूक लागली की बाहेर जायचं, खायचं आणि एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आत येऊन बसायचं. "गाणाऱ्याचं तोंड चालू असताना आपलं बंद," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं अहो आई, पण इथे ज्यांची शुगर खाली जाते त्यांनी काय करायचं, तर त्या लगेच म्हणाल्या त्यांनी खायचंच, पण केळं खावं, पेढा खावा, आवाज नाही आणि वासही नाही. मग हायवेवर आमचा एक्झिट येईपर्यंत आम्ही दोघी तेच करत बसलो, कुठला पदार्थ आत चालेल. बेसनाचा लाडू चालेल, खजूर चालेल (बिया आधी काढून), मऊ पोळीचा रोल चालेल पण फॉइलमध्ये नाही, रुमालात. चिवडा, शेव, बाकरवडी, चकली अजिबात नाही. लसणाची चटणी घरी. इडली चालेल असं त्या म्हणाल्या, मला डबा उघडताना होणाऱ्या आवाजाची काळजी वाटते, पण झाकण आधीच सैल केलं तर चालेल बहुतेक.

या स्क्रीनिंगमध्ये इंटरव्हल चांगला लांब असतो. मेटवाले त्यात पडद्यामागचं दाखवतात, गायक घामाघूम येऊन मुलाखत देतात, मागे सुतार आणि कामगार सेट ओढत नेताना दिसतात, मला ते फार आवडतं आणि तेव्हा हॉलमध्ये सगळे मोकळेपणाने खातात, बोलतात, कुणाला काही वाटत नाही. खायला वेळ आहे, फक्त खाणं वेळेत हातात पडत नाही.

म्हणून आत्ता जेवणानंतर थिएटरच्या मॅनेजरना मेल लिहिला. तक्रार नाही लिहिली. लिहिलं की ऑपेराच्या शनिवारी इंटरव्हलला काउंटरवर निदान तीन माणसं ठेवा, आणि जमलं तर आधी ऑर्डर घेऊन ठेवा म्हणजे इंटरव्हल झाला की ट्रे तयार. अंक सुरू होण्याआधी पडद्यावर एक ओळ दाखवा की कागद आत्ताच उघडून ठेवा. आणि त्या शोला नाचोजऐवजी सँडविच, मफिन असलं मऊ काहीतरी जास्त ठेवा, आमच्यासारखे उपाशी आलेले लोक ते नक्की घेतील, तुमचा धंदा कमी होणार नाही. खाली आईंचं पण नाव घातलं, त्यांनी सांगितलं म्हणून.

पुढे मार्चमध्ये वाग्नरचा 'त्रिस्तान' हा ऑपेरा आहे, इंटरव्हल धरून पाच तासांच्या आसपास. आईंना विचारलं एवढं बसवेल का, तर म्हणाल्या सवाईला आम्ही रात्र रात्र बसायचो. तिकिटं काढून टाकली. डब्यात दशम्या न्यायच्या ठरल्यात, पीठ दुधात भिजवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय, म्हणजे दुपारपर्यंत मऊ राहतील.