कांदा चाळ, तीन बोर्ड आणि यूडीपी

निफाड तालुक्यात आमची कांदा चाळ आहे. एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा तिच्यात भरायचा आणि भाव बघत दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढायचा, ही घरची जुनी रीत. कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळा लागला, हवा दमट झाली की सड आतून सुरू होते. बाहेर वास येईपर्यंत बराच माल गेलेला असतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी चाळीत तीन ठिकाणी वायफायवर बोलणारे ईएसपी-८२६६ हे छोटे बोर्ड आणि तापमान-आर्द्रता मोजणारे डीएचटी-२२ सेन्सर बसवले, घरात रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक ठेवला आणि पडवीत छोटी स्क्रीन लावली. दर ३० सेकंदांनी प्रत्येक बोर्डाने आपलं तापमान आणि आर्द्रता पायला कळवायची, एवढंच काम.

सुरुवात टीसीपीने केली होती, म्हणजे आधी कनेक्शन जोडून मग माहिती पाठवणाऱ्या नेटवर्कच्या पद्धतीने. पण आमच्याकडे लाइट जाते, चाळीपर्यंत वायफाय जेमतेम पोचतं. बोर्ड मध्येच बंद पडला तरी पायकडे त्याचं जुनं कनेक्शन उघडंच दिसायचं. पायवरच्या लिनक्समध्ये कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा जिवंत आहे का याची तपासणी, सुरू केली तरी मूळ सेटिंगप्रमाणे पहिली तपासणी दोन तासांनी होते. शिवाय हरवलेली नोंद टीसीपी मागाहून पुन्हा पाठवत बसणार, तोवर नवी नोंद तयार झालेली असणार. मला जुनी नको होती, ताजी हवी होती. म्हणून यूडीपी या दुसऱ्या पद्धतीकडे वळलो.

यूडीपीत कनेक्शन नसतंच. बांधावरून शिवारात हाक मारावी तसं ते आहे. ऐकणाऱ्याने ओ दिलीच पाहिजे असं काही नाही, आणि हाक पोचली की वाऱ्यावर गेली हेही कळत नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये लिहिलेला आरएफसी ७६८ हा त्याचा मूळ दस्तऐवज अवघ्या तीन पानांचा आहे. तो मी एका बैठकीत वाचला. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला आठ बाइटचं हेडर: पाठवणाऱ्याचा पोर्ट (मशीनवरच्या प्रोग्रामचा दार-क्रमांक), घेणाऱ्याचा पोर्ट, लांबी आणि चूक पकडायला चेकसम. संदेश पोचेलच किंवा एकदाच पोचेल याची हमी नाही, हे त्यात सरळ लिहिलेलं आहे. हे वाक्य मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळायला जुलै उजाडला.

पहिले दोन दिवस पायवर काहीच येईना. पायथॉनमध्ये सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर ऐकायचं टोक, उघडलं, ते एका पत्त्याला बांधलं (बाइंड केलं), आणि पॅकेटची वाट बघणाऱ्या रिसीव्हफ्रॉमवर प्रोग्राम थांबून राहिला. बोर्डावर पॅकेट रवाना करणारं एंडपॅकेट हे फंक्शन दर वेळी १ परत देत होतं, म्हणून मी बोर्डावर भरवसा ठेवून बसलो. त्या १ चा अर्थ इतकाच, की पॅकेट बोर्डाच्या हातून सुटलं. शेवटी येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टीसीपीडंप लावलं. दर ३० सेकंदांनी पॅकेट येताना दिसत होतं आणि लगेच मागोमाग पायकडून बोर्डाला ‘पोर्ट ५००५ अनरीचेबल’ असा अडचण कळवणारा आयसीएमपी निरोप जात होता. म्हणजे पॅकेट दारापर्यंत येत होतं आणि आत घ्यायला कोणी नव्हतं. कारण मी सॉकेट १२७.०.०.१ ला बाइंड केलं होतं, जिथे फक्त त्याच मशीनवरून आलेलं ऐकू येतं. तिथे ०.०.०.०, म्हणजे मशीनचे सगळे पत्ते, केलं आणि पहिली नोंद आली.

नोंद आली, पण उलगडता येईना. बोर्ड क्रमांकाला दोन बाइट, अनुक्रमांकाला चार, तापमानाला दोन, आर्द्रतेला दोन, असे मिळून दहा बाइट मी धरले होते. आले बारा. सी भाषेच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या आकड्यांच्या गटात, कंपायलर चार बाइटचा आकडा चारच्या पटीतल्या जागेवर बसवतो, म्हणून मध्ये दोन बाइट रिकामे सोडतो. ते दुरुस्त केलं तर तापमान १४८४.९ अंश! खरं होतं ३१.४. मी दशांश टाळायला दहाने गुणून ३१४ पाठवत होतो. त्याचे दोन बाइट बोर्ड उलट्या क्रमाने, म्हणजे लहान बाजू आधी, ठेवतो आणि पायथॉन मी सांगितल्याप्रमाणे नेटवर्कच्या क्रमाने, म्हणजे मोठी बाजू आधी, वाचत होता. तेव्हापासून स्ट्रक्ट जसाच्या तसा पाठवणं मी बंद केलं. एकेक बाइट स्वतः बफरमध्ये भरतो, मोठी बाजू आधी. हे काम कंटाळवाणं आहे, पण पॅकेटमध्ये काय कुठे आहे ते मला झोपेतही सांगता येतं.

अनुक्रमांक मात्र मी पहिल्या दिवसापासून ठेवला होता, आणि ते फार बरं झालं. ४१८, ४१९, ४२२ असे आकडे दिसले की मधले दोन गेले हे कळतं. तीन नंबरच्या बोर्डाच्या तासाच्या १२० नोंदींपैकी पंचवीस-तीस गळत होत्या. सिग्नल कमी असेल म्हणून मी अँटेना हलवत बसलो. कारण वेगळंच निघालं. पायचा पत्ता बोर्डात लिहायला लागू नये म्हणून मधल्या काळात मी सगळं ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना उद्देशून, करायला लागलो होतो. वायफायवर एकालाच उद्देशून पाठवलेल्या फ्रेमची, म्हणजे वायफायच्या पॅकेटची, पोच येते, नाही आली तर रेडिओ स्वतःच पुन्हा पाठवतो. राउटर सगळ्यांना वाटतो त्या फ्रेमला कोणी पोच देत नाही, ती एकदाच जाते. पायला राउटरमध्ये कायमचा पत्ता दिला, बोर्डांना थेट त्या पत्त्यावर पाठवायला लावलं, आणि गळती तासाला एक-दोनवर आली.

इथपर्यंत सगळं जमल्यासारखं वाटलं. जुलैत दोन दिवस पावसाची झड होती. मी पुण्याला होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी घरून नानांचा फोन आला. म्हणाले, “अरे, तीन नंबरचा आकडा कालपासून हललाच नाही. ६६ चा ६६.” मी म्हणालो, “नाना, हवा स्थिर असेल.” ते म्हणाले, “झडीत हवा स्थिर राहते होय? मी बघून येतो.”

ते गेले तेव्हा त्या कोपऱ्याची ताडपत्री सरकलेली होती, पाणी आत आलं होतं आणि उंदराने बोर्डाची वायर कुरतडली होती. बोर्ड आदल्या संध्याकाळीच गप्प झाला होता. स्क्रीन मात्र शेवटची आलेली नोंद चालू असल्यासारखी दाखवत राहिली. भिजलेला कांदा आठवडाभर काढत होतो, तरी दोन-अडीच क्विंटल टाकून द्यावा लागला. त्यात चूक माझ्या प्रोग्रामची होती. टीसीपीत निदान कधीतरी कनेक्शन तुटल्याचं कळलं असतं. यूडीपीत गप्प बसणं म्हणजे काय, ते मीच ठरवायला हवं होतं आणि मी ते ठरवलंच नव्हतं.

मग बसून ठरवलं. लागोपाठ चार नोंदी चुकल्या, म्हणजे दोन मिनिटं झाली, की आकडा स्क्रीनवरून काढायचा आणि तिथे रेघ मारायची. दहा मिनिटं झाली की माझ्या आणि नानांच्या फोनवर निरोप. रिसीव्हफ्रॉमला एका सेकंदाचा टाइमआउट दिला, नाहीतर कोणीच बोलत नसताना प्रोग्राम तिथेच अडकून राहतो आणि वेळ मोजायलाही उठत नाही. बोर्ड पुन्हा सुरू झाला की अनुक्रमांक शून्यापासून लागतो, तेव्हा उशिरा आलेलं जुनं पॅकेट आहे का बोर्ड रीस्टार्ट झाला आहे, हे ओळखायला बोर्डाला प्रत्येक सुरुवातीला एक यादृच्छिक आकडा निवडून तो प्रत्येक नोंदीसोबत पाठवायला लावला.

चाळीतला पंखा सुरू करायचा हुकूम पायवरून बोर्डाला पाठवताना तर जास्त जपावं लागलं. नोंद हरवली तर चालते, हुकूम हरवून चालत नाही. म्हणून बोर्डाने पोच द्यायची, एका सेकंदात आली नाही तर पायने तोच क्रमांक टाकून पुन्हा पाठवायचं, पाच वेळा. आधी माझा हुकूम होता ‘पंखा पलटव’. हुकूम पोचला आणि पोच वाटेत हरवली, तर दुसऱ्या हुकमाने सुरू झालेला पंखा बंद होणार. आता हुकूम ‘पंखा चालू’ असा जातो. तो पाच वेळा पोचला तरी पंखा चालूच राहतो.

स्क्रीनवर प्रत्येक आकड्याशेजारी तो किती सेकंदांपूर्वीचा आहे तेही आता येतं. नाना सकाळी चहा घेऊन पडवीत येतात, तेव्हा आधी तोच रकाना बघतात, तापमान नंतर. मी घरी असलो तर आतूनच विचारतो, “तीन नंबर बोलतोय का?”

“अकरा सेकंद,” ते सांगतात.