अकराव्या पाऱ्यातली माणसं

रमजानमधल्या रात्रीच्या तरावीह नमाजीत रोज सव्वा पारा (कुराणाचे असे तीस भाग आहेत) असा हिशेब धरला, की अकरावा पारा नवव्या रात्री येतो. तोवर पहिल्या दिवसांची गर्दी ओसरलेली असते, पाय भरून येत असतात आणि वीस रकातींच्या (नमाजीच्या आवर्तनांच्या) ओघात हा पारा नकळत निघून जातो. तसा तो जाऊ देऊ नये. अल्लाहच्या निशाण्या समोर आल्यावर कोण कसं वागतं, आणि त्यात इख्लासचा, म्हणजे निखळ मनाचा, वाटा किती, याचे इतके नमुने एका जागी क्वचितच सापडतात. सूरह (अध्याय) तौबाची 94वी आयत (वचन) ते सूरह हूदची पाचवी, एवढा हा पारा. मधली सूरह यूनुस (109 आयती) त्यात अख्खी येते.

तौबाचा भाग समजायला पैगंबरांची तबूकची लष्करी मोहीम माहीत हवी. हिजरी 9, कडक ऊन, खजूर पिकलेला, वाट लांबची. पैगंबर (स.) परतले तेव्हा मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक शपथा घेत सबबी सांगायला आले. त्यांचं वरवरचं म्हणणं मान्य झालं आणि मनातलं अल्लाहवर सोपवलं गेलं. मागे राहिलेल्यांपैकीच काब बिन मालिक मात्र म्हणाले, माझ्याकडे सबब नाही. उलट याआधी कधी नव्हत्या अशा दोन सांडण्या त्या वेळी माझ्याकडे होत्या. त्यांच्यावर आणि आणखी दोघांवर पन्नास दिवस बहिष्कार पडला. सलामाला कुणी उत्तर देईना. त्यातच गस्सानच्या राजाचं पत्र आलं, 'आमच्याकडे या, मान देऊ.' काबनी ते तंदूरमध्ये टाकलं. म्हणजे खोटं बोलणारे त्याच दिवशी सुटले आणि खरं बोलणारा अडकला. 118व्या आयतीत त्यांची तौबा (पश्चात्ताप) कबूल झाल्याचं येतं आणि लगेच 119व्यात हुकूम: खऱ्यांच्या सोबत राहा. हा क्रम लक्षात ठेवूनच पुढे वाचावं.

पुढच्या 124 आणि 125व्या आयतींत नवी सूरह उतरते आणि काही जण कुत्सितपणे विचारतात, 'हिने कुणाचं ईमान (श्रद्धा) वाढवलं बुवा?' उत्तर असं, की ईमानवाल्यांचं वाढवलं, आणि ज्यांच्या मनात रोग आहे त्यांच्या घाणीत घाणीची भर घातली. सूरह एकच, ऐकणारे वेगळे. 127व्यात तर माणूस अगदी पकडला जातो. आयत ऐकू येताच हे एकमेकांकडे बघतात, 'कुणी पाहत तर नाही ना?' आणि हळूच सटकतात. आयतीकडे लक्षच नाही, सगळं लक्ष बघणाऱ्यांकडे. रियाची, म्हणजे दिखाऊ धार्मिकतेची, इतकी नेमकी खूण दुसरी नसेल.

यूनुसमध्ये मागण्या सुरू होतात. 15व्या आयतीत, 'हे नको, दुसरं कुराण आण, नाहीतर यात बदल कर.' 20व्यात, 'याच्यावर निशाणी का उतरत नाही?' इथे एक गैरसमज हमखास होतो, की निशाणी मागणं हाच मुळात कपटीपणा. तसं नाही. सूरह बकराच्या 260व्या आयतीत हजरत इब्राहीमही मागतात, 'रब, तू मेलेल्यांना कसं जिवंत करतोस ते दाखव.' 'विश्वास नाही का?' 'आहे, पण मनाला करार (स्वस्थता) हवा.' आणि त्यांना चार पक्ष्यांची निशाणी मिळते. फरक उत्तर मिळाल्यावर दिसतो. इब्राहीम पुढची अट घालत नाहीत.

22 आणि 23 या आयती पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला फोड करून सांगाव्या लागत नाहीत. गलबत वाऱ्यावर मजेत चाललेलं असतं, तुफान येतं, चारी बाजूंनी लाटा, आणि माणसं अगदी खऱ्या मनाने फक्त अल्लाहला हाक मारतात: यातून वाचव, शुक्रगुजार राहू. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा अख्ख्या कोल्हापूरची दुआ अशीच असणार. पाणी उतरलं की बोललेले शब्द गाळात. पण कुराण तुफानातल्या दुआला खोटी म्हणत नाही, तिला खालिसच म्हणतं. बिघाड होतो तो जमिनीला पाय लागल्यावर. त्यामुळे 22वर थांबून डोळे पुसणाऱ्याने अर्धीच गोष्ट वाचलेली असते.

याच सूरहमध्ये 90व्या आयतीत फिरऔन (हजरत मूसांच्या काळचा मिसरचा राजा) बुडताना ईमान आणतो. जवाब येतो, 'आत्ता?' यापूर्वी संकट टळलं की त्याचे लोक शब्द मोडायचे, हे सूरह आराफच्या 134-135 मध्ये आहे. ते आधी वाचलं तर या 'आत्ता?'चं वजन कळतं.

वाचायचं कसं? त्या दिवशी जोहर ते असर (दुपारच्या दोन नमाजींच्या मध्ये) तासभर काढून तौबाच्या 94पासून यूनुसच्या शेवटपर्यंत तर्जुमा (भाषांतर) वाचावा. उर्दू जड जात असेल तर खुशाल मराठी घ्यावा. कोल्हापुरात त्याचा संकोच कशाला? कुराण मराठीत यावं म्हणून खुद्द शाहू महाराजांनी मदत केली होती. प्रत्येक प्रसंगात दोनच गोष्टी टिपाव्यात: माणसाने काय मागितलं, आणि मिळाल्यावर काय केलं. मुनाफिकांच्या (तोंडाने ईमान सांगणाऱ्या, मनात नसणाऱ्यांच्या) आयती वाचताना जमातीतला एखादा चेहरा डोळ्यांसमोर येऊ लागला, तर वाचन तिथेच फसलं. रिवायतीत येतं, की पैगंबरांनी मुनाफिकांची नावं ज्यांना सांगितली होती त्या हुजैफांना हजरत उमर विचारत, त्या यादीत माझं नाव नाही ना? एरवी तुफान आणि फिरऔन यांच्या धास्तीने वाचणारा 98वी आयत घाईत ओलांडतो. तिथे हजरत यूनुसच्या कौमचा (लोकांचा) उल्लेख आहे, जिचं अजाबच्या (दैवी शिक्षेच्या) तोंडावरचं ईमानही कामी आलं. तिची संख्या, एक लाख किंवा जास्त, सूरह साफ्फातमध्ये (139 ते 148) आहे. तो तेविसावा पारा. सव्वाच्या हिशेबाने अठरावी रात्र संपता संपता.