चाळीचा मे महिना आणि पुनर्विकासाचा करारनामा

वार्षिक परीक्षा संपल्या की गिरगाव, दादर, लालबाग, परळ या भागांतील चाळींचा दिनक्रमच पालटतो. काही बिऱ्हाडे कोकणात किंवा घाटावर गावी जातात, आणि जी मुंबईतच राहतात त्यांच्याकडे विरार-बदलापूरला संसार थाटलेल्या मुली आपल्या पोरांना घेऊन मुक्कामाला येतात. खोलीत जेवढी माणसे मावणे शक्य नाही तेवढी गॅलरीत, गच्चीवर आणि अंगणात सहज मावतात. चैत्रगौरीचे हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते. आंब्याची डाळ आणि पन्हे एका घरी होते, पण पातेली आणि राबणारे हात सगळ्या मजल्याचे असतात. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, आमच्याकडे सकाळी ध्वजवंदन, दुपारी सत्यनारायणाची पूजा आणि संध्याकाळी मुलांच्या स्पर्धा हा क्रम मी लहान असल्यापासून चालत आला आहे.

गच्चीवरचे वाळवण हा तर स्वतंत्र सोहळाच असतो. पहाटे गव्हाचा चीक शिजतो, जुन्या सुती साड्या पसरल्या जातात, एकजण सोऱ्या दाबते आणि दुसरी कुरडईचा वेढा मोडणार नाही अशा बेताने साडीचे टोक ताणून धरते. मुलांना कावळे हाकलण्यासाठी राखणीला बसवले जाते आणि त्याचा मोबदला म्हणून वाटीभर गरम चीक मिळतो. आठ वर्षांच्या मुलाला पाच घरांतल्या आज्या ओळखतात, रागावतात आणि जेवूही घालतात, हे अशाच कामांतून घडत जाते.

यंदा मात्र या सगळ्यावर एकाच विषयाची सावली आहे. आमची इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, जुनी पागडीची आहे, आणि तिच्या पुनर्विकासाच्या करारनाम्याचा मसुदा घरोघर फिरतो आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या तरतुदीनुसार जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मिळते. सार्वजनिक संडासासमोर बादली घेऊन रांगेत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांच्यासाठी स्वतःच्या मालकीचे संडास-न्हाणीघर ही फार मोठी गोष्ट आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत राहिलेल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा आमच्या चाळीतही लोकांना मनापासून आनंद झाला होता. त्यामुळे पुनर्विकासच नको, असे मी कधीही म्हणणार नाही. चाळ धोकादायक झाली आहे आणि दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपणे हा काही वारसा नव्हे.

माझी काळजी निराळी आहे. आमच्या सभांमध्ये चटईक्षेत्र किती, कॉर्पस म्हणजे विकासकाकडून मिळणारी एकरकमी ठेव किती, स्थलांतराचे भाडे किती, यांवर तासन्‌तास चर्चा होते, पण अंगणाचे काय होणार हा प्रश्न मसुद्यात कुठेच नाही. बाजारात किंमत चौरस फुटाला असते आणि ती बंद दाराच्या आतल्या जागेची असते. गॅलरी, जिन्याचा कट्टा, गच्ची आणि अंगण यांना दर नाही, म्हणून वाटाघाटीत ती कोणी मागत नाही आणि म्हणून ती सर्वांत आधी जातात. आमच्या परिसरात उभ्या राहिलेल्या बऱ्याच मनोऱ्यांत खालचे मजले वाहनतळाने व्यापले आहेत, बाग आणि खेळायची जागा त्यावरच्या पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर आहे, आणि काही ठिकाणी तिचा दरवाजा फक्त विक्रीच्या, म्हणजे बाहेरच्या ग्राहकांसाठी बांधलेल्या, इमारतीतून उघडतो. जुन्या भाडेकरूंच्या इमारतीला मिळते ती लिफ्टसमोरची अरुंद मोकळीक. तिथे कॅरमचा बोर्डसुद्धा ठेवता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुंबई महापालिकेच्या एका प्रकरणात, नियमाने आवश्यक असलेली किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे, ती पोडियमवर ढकलता येणार नाही, असे म्हटले होते. पण छोट्या भूखंडांना नियमांत सवलती आहेत, आणि चाळीचा भूखंड बहुधा छोटाच असतो. म्हणजे आम्हाला जे हवे ते नियमातून आपोआप मिळणार नाही. ते करारनाम्यात लिहून घ्यावे लागेल.

दुसरा प्रश्न माणसांचा आहे. चाळीत वाढलेल्या मुलांना त्याच भागात घर घेणे आज जवळजवळ अशक्य झाले आहे. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतले एक कोटीचे घर मुंबईत घ्यायचे म्हटले, तर सहा टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्काचे सहा लाख, पाच टक्के जीएसटीचे पाच लाख आणि नोंदणीचे ३० हजार, असे सव्वाअकरा लाखांहून अधिक रुपये घराच्या किमतीखेरीज लागतात. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, एवढाच दिलासा. जीएसटीच्या हिशेबात ‘परवडणारे घर’ म्हणजे ४५ लाखांपर्यंतचे, आणि तशा घरावर एकच टक्का कर आहे. गिरगावात ४५ लाखांचे नवे घर मला तरी कोणी दाखवलेले नाही. राहता राहिली म्हाडाची सोडत. २०२३ मध्ये मुंबईतील ४,०८२ घरांसाठी एक लाख वीस हजारांहून अधिक अर्ज आले होते, यावरून तिथल्या आशेचे आकारमान कळते.

म्हणून तरुण पिढी उपनगरांच्याही पलीकडे जाते आणि मे महिन्यात आई-वडिलांच्या खोलीवर परत येते. ही खोली रिकामी झाली की काय होते, हे मी शेजारच्या गल्लीत पाहिले आहे. तिथल्या विकासकाने पहिली काही वर्षे भाडे दिले, मग थांबवले. पाया खणून काम बंद पडले, आणि कुटुंबे कांदिवलीपासून डोंबिवलीपर्यंत पांगली. त्यांची सत्यनारायणाची पूजा दोन वर्षे एका सभागृहात झाली, नंतर झालीच नाही. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण, १ मे २०१७ पासून काम करू लागले, आणि विक्रीचे घर घेणाऱ्या ग्राहकाला त्याचा मोठा आधार झाला. जुन्या भाडेकरूचा मुख्य आधार मात्र त्याचा स्वतःचा करारनामाच असतो, आणि तोच सहसा घाईघाईत, शेवटच्या पानावरची सही कुठे करायची एवढेच विचारून, उरकला जातो.

इमारत पूर्ण होऊनही प्रश्न संपत नाही. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि पहारेकरी यांचा दरमहाचा देखभालखर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या काकूंना झेपत नाही, आणि मग घर भाड्याने देऊन त्या मुलाकडे राहायला जातात. त्यांच्या जागी अकरा महिन्यांच्या करारावर नवे कुटुंब येते. ते सज्जन असते, पण त्याची शेजाऱ्यांशी ओळख होईपर्यंत करार संपलेला असतो.

जूनमध्ये आमच्या भाडेकरू संघाची सभा आहे. तिथे मी तीन कलमांचा ठराव मांडणार आहे: जमिनीवरच्या मोकळ्या जागेचे क्षेत्रफळ आणि तिथे जाण्याचा दोन्ही इमारतींतून समान हक्क नकाशासह लिहून द्यावा, गच्ची रहिवाशांना खुली राहील हे नमूद करावे, आणि भाड्यापोटी बँक हमी घेऊन कॉर्पसची रक्कम देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावी. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी अनुमोदन देण्याचे कबूल केले आहे. मुलांच्या स्पर्धा ज्या जागेत होतात तिची मापे वहिनी टेपने घेऊन कागदावर लिहून आणणार आहेत.