पंधरा मीटरांचा कवडसा

कौलातलं भोक चौकोनी असो, तिरपं असो, उंदराने कुरतडल्यासारखं असो, कवडसा पडतो तो गोलच. गिरगावातल्या जुन्या चाळींच्या वरच्या मजल्यावर जिथे अजून मंगलोरी कौलं टिकून आहेत, तिथे हे रोज घडतं. दादरच्या पारशी कॉलनीत झाडांखाली उजेडाची नाणी सांडलेली असतात, तीही याच जातीची. तो भोकाचा आकार नव्हेच. प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहणात झाडाखालची सगळी नाणी एकदम चंद्रकोरीच्या आकाराची होतात, ती म्हणूनच.

हिशेब सोपा आहे. भोकापासून जमीन जितकी लांब, तिचा साधारण १०८वा भाग म्हणजे चित्राचा व्यास. तीन मीटर उंच कौलातून येणारा कवडसा जेमतेम दहाच्या नाण्याएवढा. एवढ्यात काही दिसत नाही. चित्र मोठं हवं तर अंतर वाढवायचं, आणि त्यासाठी चाळीसारखी सोय नाही: मधे चौक, समोरासमोर दोन गॅलऱ्या.

एक हातआरसा घ्या. त्यावर जाड काळा कागद चिकटवा आणि मधोमध ५ मिलिमीटरचं भोक ठेवा. पंचिंग मशीन साधारण तेवढंच पाडतं. आरसा वाटीतल्या कणकेच्या गोळ्यात रोवा, म्हणजे हवा तसा कलवता येतो आणि तिथेच राहतो. उन्हाच्या गॅलरीतून झोत समोरच्या अंधाऱ्या खोलीत टाका. १५ मीटरवर लावलेल्या पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर १४ सेंटिमीटरचा सूर्य उतरतो. भोक सेंटिमीटरभर केलंत तर उजेड वाढतो, पण कड फुटते. दोन-तीन मिलिमीटरचं केलंत तर चित्र मंद होतं, शिवाय प्रकाश भोकाच्या कडेशी वाकून पसरतो, म्हणजे धारही जाते. सूर्य थांबत नाही, दर दोन मिनिटांनी चित्र आपल्या व्यासाएवढं सरकतं. त्यामुळे आरशापाशी एक माणूस कायमचा बसवावा लागतो. खोलीतल्यांनी मात्र आरशाकडे वळून बघायचं नाही. ते थेट सूर्याकडे बघणंच आहे. एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच डोळ्यांवर धरूनही नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, भाजल्याचं नंतर समजतं.

मुंबईत हा उद्योग ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावा, सकाळी नऊच्या सुमारास. दुपारी पत्रे आणि गच्च्या तापल्या की चित्राची कड पाण्यात पडल्यासारखी लवलवते. धुरकं असलं तर सगळंच पुसट.

आता पेन्सिल घ्या. सूर्याचा व्यास १३.९ लाख किलोमीटर आणि आपलं चित्र १४ सेंटिमीटर, म्हणजे १ सेंटिमीटरला १ लाख किलोमीटर. मधोमध साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. तो गाभा, दीड कोटी अंश सेल्सिअसचा. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं ते इथेच. त्याबाहेर १० सेंटिमीटर व्यासाचं दुसरं वर्तुळ. या दोहोंमध्ये ऊर्जा प्रकाशरूपाने ठेचकाळत वर येते. उरलेल्या दोन सेंटिमीटरच्या कड्यात मात्र डाळीसारखी उकळी फुटलेली असते: तापलेला वायू वर, निवलेला खाली. आपल्याला दिसतो तो पृष्ठभाग सुमारे ५०० किलोमीटर जाडीचा, या मापात कागदापेक्षाही पातळ आणि ५,५०० अंशांचा. चित्राची कड मधल्या भागापेक्षा किंचित काळपट दिसेल. आरशाला दोष देऊ नका. कडेशी आपली नजर तिरपी शिरते आणि वरच्या, थंड थरातच अडते.

या मापाची खरी गंमत पुढे आहे. पृथ्वी १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे बरोबर १५ मीटरवर, समोरच्या गॅलरीत, आरसा आहे तिथेच. तिथे एक मोहरीचा दाणा ठेवा, झाली पृथ्वी. प्रकाश या चौकातून सेकंदाला ३ सेंटिमीटर, मुंगीच्या चालीने येतो, आणि ८ मिनिटं २० सेकंदांत पोचतो. गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंतचे सात सेंटिमीटर ओलांडायला त्याच ऊर्जेला हजारो वर्षं लागलेली असतात.

सूर्यावर मोठा डाग असेल तर चित्रावर काजळाच्या बोटासारखा दिसतो. खात्री करायची तर कागद हलवा. धब्बा कागदाबरोबर गेला तर कागदाचा, चित्रातच राहिला तर सूर्याचा. त्याचं तापमान ३,५०० ते ४,००० अंश. काळा तो फक्त शेजाऱ्यांच्या मानाने. तिथलं जोरदार चुंबकीय क्षेत्र खालची उकळी वर येऊ देत नाही. रोज त्याच वेळेला त्याची जागा टिपली तर मध्याजवळ तो दिवसाला दीड सेंटिमीटर सरकताना दिसतो. सूर्य फिरतो, पण सगळा एका वेगाने नाही. विषुववृत्तावर सुमारे २५ दिवस, ध्रुवांकडे ३०हून जास्त. त्यामुळे चुंबकीय रेषांना पीळ बसत जातो. आपल्याकडे सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तिथे सगळी आग पिळाचीच. तो सुटतो तेव्हा भडके उडतात. डाग वाढण्या-घटण्याची ही भरती-ओहोटी साधारण ११ वर्षांची.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याचं असंच पाडलेलं चित्र पाहत होते, फक्त त्यांच्याकडे दुर्बीण होती. डागांच्या एका झुबक्यावर पांढरा भडका दिसला आणि काही मिनिटांत विझला. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. साडेसतरा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्यावरून सुटलेला तापल्या वायूचा ढग पृथ्वीवर आदळला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूची कोसळली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे अशा क्षेत्राचं एकक) उतरलेला होता. त्या चुंबकीय वादळाची जगभरात जी थोडी मोजमापं उरली, त्यांत कुलाब्याचा कागद आजही पहिल्या पंक्तीत बसतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम १९०४मध्ये अलिबागला गेलं. ट्रामच्या प्रवाहाने सूची थरथरली तर सूर्याचं काय नि ट्रामचं काय, निवडणार कसं?

आता मोहरीच्या दाण्यापुढे, सूर्याच्या दिशेने, कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवा. तिच्या टोकाला आदित्य-एल१, सूर्यावर नजर ठेवणारं भारताचं यान, जानेवारी २०२४पासून. स्फोट झाल्याचं त्याच्या कॅमेऱ्यांना लगेच दिसू शकतं, पण सुटलेल्या ढगाचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे वळलंय की दक्षिणेकडे, हे तो ढग यानावरून गेल्याशिवाय मोजता येत नाही. आणि दक्षिणेकडे वळलेलं क्षेत्रच पृथ्वीच्या क्षेत्राशी भिडून मोठं वादळ उठवतं. एरवीचा सौर वारा, म्हणजे सूर्यावरून सतत सुटणारा कणांचा झोत, पट्टीभर अंतर तासाभरात कापतो. १८५९च्या वेगाने ते दहा-अकरा मिनिटांचं.