ओपन गटात बसलेली मुलगी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बुद्धिबळपटू दिव्या देशमुख गोव्यातून बाहेर पडली. स्त्री-पुरुष दोघांनाही खुल्या असलेल्या विश्वचषकाच्या पहिल्याच फेरीत, दोन्ही डाव हरून. हडफड्याला २०६ खेळाडू जमलेत, त्यात मुलगी ही एकटीच. समोर आलेला ग्रीसचा स्टामाटिस कुर्कुलोस-आर्दितिस रेटिंगने, म्हणजे खेळाच्या ताकदीच्या आकड्याने, तिच्यापेक्षा बराच वरचा. दोन डावांच्या लढतीत दोन्ही गेले की तिसऱ्या दिवशीच्या टायब्रेकचाही (बरोबरी फोडणाऱ्या झटपट डावांचाही) प्रश्न राहत नाही.

आज दुपारी डबा खाताना हाच विषय निघाला. एकजण म्हणाला, “मुलींमध्ये खेळली असती तर निदान नाव राहिलं असतं.” दुसऱ्याने तिच्या जुलैतल्या महिला विश्वचषकाच्या विजेतेपदाला सरळ नशीबच म्हणून टाकलं. मी जेवता जेवता जे बोलले ते अर्धवट राहिलं. घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून इथे सगळं लिहून काढते आहे.

दिव्या जिंकली तेव्हा सगळ्यांनी एक दिवस पाहिला: २८ जुलै, जॉर्जियातलं बाटुमी. मी नागपूरची. बुद्धिबळाची थोडी ओढ शाळेपासूनची, त्यामुळे या मुलीचं नाव स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर यायचं तेव्हापासून कात्रणं ठेवते. आई-वडील दोघेही डॉक्टर, मोठी बहीण बॅडमिंटन खेळणारी, ही पाचेक वर्षांची असताना पटाकडे वळली. २०१२ मध्ये सात वर्षांखालची राष्ट्रीय विजेती, २०१४ मध्ये डर्बनला दहा वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती, २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालची. हे सगळं सुंदरच आहे, पण लहान वयात अशी पदकं मिळवून पुढे दिसेनाशी झालेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. मला तिच्याबद्दल खरी आस्था वाटायला लागली ती एका वाईट स्पर्धेपासून.

जानेवारी २०२४, नेदरलँड्समधलं वाइक आन झे. टाटा स्टीलचा चॅलेंजर्स गट. खुला गट, चौदा खेळाडू, तेरा फेऱ्या, आणि थंडी. त्या वर्षी तो गट आपल्या गोव्याच्या लिऑन ल्यूक मेंडोंसाने जिंकला. दिव्या तेव्हा अठरा वर्षांची, आणि गुणतक्त्यात पार खालच्या बाजूला. रोज आपल्याहून भारी माणसासमोर जाऊन बसायचं, हरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ सुरू करायचं. वर स्पर्धा संपताना तिने जे जाहीर लिहिलं ते वाचून माझ्या पोटात तुटलं. प्रेक्षक तिच्या डावांवर बोलत नव्हते. कपडे, केस, इंग्रजी बोलण्याची ढब, यांवर बोलत होते. अठराव्या वर्षी परक्या देशात, हरत असताना, हेही ऐकायचं. तिने ते गिळलं नाही, नाव घालून लिहिलं. त्या दिवशी मला वाटलं, ही मुलगी टिकणार.

आणि मग त्याच वर्षाचं पुढचं बघा. जूनमध्ये गांधीनगरला मुलींच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ११ पैकी १० गुण, एकही हार नाही. सप्टेंबरमध्ये देशांच्या संघांची बुडापेस्ट ऑलिम्पियाड: संघातल्या तिसऱ्या बोर्डावर ११ पैकी साडेनऊ, वैयक्तिक सुवर्ण आणि भारतीय महिला संघाचं पहिलंवहिलं सांघिक सुवर्ण. संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. माझ्या मते वाइक आन झेच्या त्या तेरा फेऱ्यांशिवाय गांधीनगर आणि बुडापेस्ट अशी झालीच नसती. वरचढ खेळाडूसमोर पाच-पाच तास बसून पडती बाजू धरून ठेवायची सवय लागली, की बरोबरीच्या खेळाडूसमोर हात थरथरत नाहीत. हे मी पुराव्याने सिद्ध करू शकत नाही. पण तिचे दोन्हीकडचे डाव मी पटावर मांडून बघितलेत आणि मला तसंच दिसतं.

बाटुमीत तिला मानांकन होतं पंधरावं. चौथ्या फेरीत दुसरं मानांकन असलेल्या चीनच्या जू जिनेरला तिने टायब्रेकमध्ये हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत आपली हरिका, तीही टायब्रेकमध्ये. उपांत्य फेरीत २०१७ ची जगज्जेती तान झोंगयी. तिच्याविरुद्धचा दुसरा डाव १०१ चालींचा. मी तो नंतर एका रविवारी पूर्ण मांडला. दिव्याकडे पांढरे मोहरे. एवढ्या लांबच्या डावात माणूस चाली खेळत नाही, नुसता तग धरतो. चाळीस चाली झाल्या की घड्याळात अर्ध्या तासाची भर पडते, तीही संपत येते, मग प्रत्येक चालीला मिळणाऱ्या तीस सेकंदांवर गुजराण. त्यात चाल लिहायची, पाणी प्यायचं, आणि शिवाय विचार करायचा. मांडताना मीच दोनदा उठले आणि चहा करून आले. ती दमली असेल, चुकली असेल, पण समोरची पुन्हा चुकेपर्यंत खुर्चीवरून हलली नाही.

अंतिम फेरीत कोनेरू हंपी. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा, हंपी ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी, झाली २००२ मध्ये. म्हणजे दिव्या जन्मायच्या आधीच ही बाई ग्रँडमास्टर. शिवाय रॅपिडमधली, म्हणजे कमी वेळाच्या डावांतली, त्या वेळची जगज्जेती, २०१९ आणि २०२४ अशी दोनदा. आणि पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर निकाल लागायचा होता रॅपिडवरच. पहिला रॅपिड बरोबरीत, दुसऱ्यात दिव्याकडे काळे मोहरे. वेळेच्या तंगीत हंपी चुकली आणि डाव फिरला. “नशीब” म्हणणाऱ्याला मला एवढंच विचारायचं आहे की रॅपिडच्या जगज्जेतीला रॅपिडमध्ये काळ्या मोहऱ्यांनी हरवणं हे कोणत्या नशिबात बसतं? जिंकून ती आईच्या गळ्यात पडून रडली ते सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ती काय बोलली ते मात्र थोड्यांनीच ऐकलं: मला एंडगेम (डावाचे शेवटचे टप्पे) शिकायला हवेत. विश्वचषक हातात आलेला, आणि बोलणं हे.

त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी, महिलांमध्ये हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतर चौथी. एरवी तीन नॉर्म (ठरावीक स्पर्धांत किताबाच्या तोडीची कामगिरी) आणि २५०० रेटिंग लागतं. तिच्याकडे स्पर्धेला जाताना एकही नॉर्म नव्हता. नागपूरला परतल्यावर तिने राहुल जोशी सरांची आठवण काढली. तिचे सुरुवातीचे प्रशिक्षक, तिने ग्रँडमास्टर व्हावं ही त्यांची इच्छा, आणि ते बघायला ते राहिले नाहीत. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. गावोगावी असे सर असतात. वर्ग भाड्याचा, पट प्लास्टिकचे, फी निम्म्या मुलांची थकलेली, आणि एखाद्या मुलीत त्यांना काहीतरी दिसतं.

आता मूळ मुद्दा. महिला विश्वचषकामुळे तिची कँडिडेट्समधली, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेतली, जागा पक्की झाली होती. सप्टेंबरमध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेला तिला महिला गटात बसून आणखी एक बक्षीस मिळवता आलं असतं. ती ओपनमध्ये, म्हणजे खुल्या गटात, बसली. इजिप्तच्या बासेम अमीनला हरवलं, जगज्जेत्या गुकेशशी बरोबरी केली, काही डाव गमावले. मग गोवा, पुन्हा खुल्या स्पर्धेत. जे आपल्या लोकांना उतरण वाटतंय, ते तिने स्वतः निवडलेलं चढाचं काम आहे. वाइक आन झेचाच पुढचा धडा.

आणि हा हट्ट महाराष्ट्रात नवा नाही. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर, तेरा वर्षांची, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही. त्या तेरा वर्षांच्या पोरीने दार उघडून ठेवलं नसतं तर गोव्यातली खुर्ची मिळवायला पुन्हा कुणाला तरी भांडावं लागलं असतं. आमच्या पिढीला ही गोष्ट कुणी सांगितलीच नाही. शाळेच्या स्पर्धेत मला “तू मुलींच्यात बस, तिकडे नंबर लागेल” असं सांगितलं गेलं, आणि मी बसले, कारण रोहिणी खाडिलकर हे नावही मला ठाऊक नव्हतं.

हे सगळं आज इतकं टोचतंय त्याचं कारण घरात आहे. माझ्या भावाची मुलगी अकरा वर्षांची, रेटिंग नुकतंच लागलेलं. नाताळच्या सुट्टीत तिला स्पर्धेला न्यायचं आहे. संध्याकाळी वहिनीचा फोन: “ताई, फक्त मुलींची आहे तिथे ट्रॉफी नक्की येईल. ओपनमध्ये पहिल्या चार बोर्डांवर मोठी मुलं असतात, रडत बाहेर येते हो ती.” वहिनीची काळजी खोटी नाही. हॉलच्या बाहेर उन्हात सतरंजीवर बसून, आत काय चाललंय ते न कळता, मूल कोणत्या तोंडाने बाहेर येतंय याची वाट बघायची, हे काम आई म्हणून तीच करते. मी फक्त फोनवर पेअरिंग (कुणाची लढत कुणाशी ते) बघते.

मी तिला हिशेब मांडून दाखवला. अठरा वर्षांच्या आतल्या, २३०० च्या खालच्या मुलांना फिडेचा (जागतिक महासंघाचा) के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलू शकतं तो आकडा, ४० असतो. समोरचा दीडशे पॉइंटने वर असेल तर हरल्यावर जातात १२, बरोबरीत मिळतात ८, जिंकलं तर २८. तीन हारी आणि दोन विजय झाले तरी रेटिंग वीस पॉइंटने वरच जातं. गुण पाचपैकी दोन दिसतील, ट्रॉफी मिळणार नाही, पण पोरगी पुढे गेलेली असेल. आकडे वहिनीला पटले. रडण्याचं काय, यावर माझ्याकडे आकडे नव्हते.

मग भाचीनेच फोन घेतला. तिला दिव्या हरल्याचं आधीच कळलं होतं. “आत्या, तिचा दुसरा डाव आपण मांडू या का? तिचं नक्की कुठे चुकलं ते मला बघायचंय.” शनिवारी मांडायचं ठरलं आहे. स्पर्धेचा फॉर्म मी आजच भरला, ओपनचा. वहिनी तयार झाली, पण पहिल्या दिवशी मीही सोबत यायचं या अटीवर. रजा टाकते.

दिव्यापुढे आता कँडिडेट्स आहे: आठ जणी, चौदा फेऱ्या, त्यात हंपी आणि वैशालीही, म्हणजे आठातल्या तिघी आपल्या. जी जिंकेल ती २०१८ पासून जगज्जेती असलेल्या जू वेनजुनसमोर बसेल. ती दिव्या असावी असं मला फार मनापासून वाटतं. आणि त्याआधी तिने आणखी एक-दोन खुल्या स्पर्धा खेळाव्यात, गुणतक्त्यात कुठेही राहिली तरी.